मराठी माध्यमातून शिकलेल्यांनी परदेशी शिक्षणासाठी इंग्रजीची तयारी कशी करावी

नाशिकमध्ये कॉलेज रोडवरून कॅनडा कॉर्नरकडे जाताना इंग्रजीच्या क्लासचे फलक दोन प्रकारचे दिसतात. काही फलक इंग्रजी बोलायला शिकवण्याचे आश्वासन देतात, तर काही आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेत ठरावीक बँड, म्हणजे गुणांची पातळी, मिळवून देण्याचे. परदेशी जाऊ इच्छिणारा विद्यार्थी बहुतेक वेळा थेट दुसऱ्या प्रकारच्या क्लासची पायरी चढतो, कारण विद्यापीठाने त्याच्याकडे गुणपत्रक मागितलेले असते आणि अर्जाची मुदत जवळ आलेली असते. परीक्षेचा क्लास मात्र अंगी असलेली भाषा परीक्षेच्या साच्यात कशी बसवावी एवढेच शिकवू शकतो. ज्याला इंग्रजीत दोन परिच्छेद सलग लिहिता येत नाहीत, त्याला सहा आठवड्यांच्या युक्त्यांनी फार तर अर्धा बँड वर ढकलता येईल. म्हणून पुढील मार्गदर्शनात परीक्षेला मुद्दाम शेवटी ठेवले आहे.

हे मार्गदर्शन मराठी किंवा सेमी-इंग्रजी माध्यमातून शिकलेल्या वाचकासाठी आहे. निफाड, दिंडोरी, सिन्नर किंवा शहरातल्याच शाळेतून आलेल्या अशा विद्यार्थ्याला अभियांत्रिकीची, परिचर्येची किंवा वाणिज्य शाखेची पाठ्यपुस्तके इंग्रजीत समजतात, तांत्रिक शब्द त्याला भरपूर येतात, आणि तरीही स्वतःची ओळख करून देणारा ईमेल लिहिताना तो अडखळतो. त्याची अडचण शब्दांच्या तुटवड्यापेक्षा वाक्याच्या बांधणीत अधिक असते, आणि ती बांधणी कोठे मोडते याचा नकाशा त्याच्या मराठीतच सापडतो.

कोणते इंग्रजी हवे आहे, हे आधी ठरवावे

इंग्लंड, आयर्लंड किंवा ऑस्ट्रेलियातील पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी आयईएल्टीएस ॲकॅडेमिक, पीटीई ॲकॅडेमिक आणि टोफेल या परीक्षा सर्वाधिक प्रचलित आहेत. ऑस्ट्रेलियाने मार्च २०२४ पासून विद्यार्थी व्हिसासाठी आयईएल्टीएसची किमान अट ५.५ वरून ६.० केली, विद्यापीठाची स्वतःची अट त्याहून वरची असू शकते, त्यामुळे दोन्ही अटी वेगवेगळ्या पाहाव्यात. अमेरिकेच्या विद्यार्थी व्हिसासाठी सरकार अशा परीक्षेचे गुण मागत नाही, विद्यापीठ मागते. मात्र वाणिज्य दूतावासातील मुलाखतीत आपण काय शिकणार आहोत आणि खर्च कसा भागवणार आहोत हे थोडक्या वाक्यांत सांगता यावे लागते. पदवी इंग्रजी माध्यमातून झाल्याचे महाविद्यालयाचे पत्र काही विद्यापीठे परीक्षेऐवजी स्वीकारतात. तसे असेल तर खर्च वाचतो, पण तिथल्या वर्गात बसल्यावर भाषेची परीक्षा रोजच होते, हे विसरू नये.

परिचारिका आणि इतर आरोग्यसेवकांची वाट वेगळी आहे. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय नाशिकमध्येच म्हसरूळला असल्याने या क्षेत्रातील विद्यार्थ्यांची चौकशी शहरात नेहमीची आहे, तरीही ओईटी या परीक्षेविषयीची माहिती त्यांच्यापर्यंत उशिरा पोहोचते असे दिसते. ही परीक्षा आरोग्याच्या १२ व्यवसायांसाठी आहे. तिच्या लेखनाच्या भागात निबंधाऐवजी रुग्णाविषयीचे पत्र लिहायचे असते आणि संभाषणाच्या भागात रुग्णाशी किंवा नातेवाइकांशी बोलण्याचा प्रसंग उभा केलेला असतो. ब्रिटनच्या नर्सिंग परिषदेला ओईटीत ऐकणे, वाचणे आणि बोलणे यांत बी श्रेणी व लेखनात सी प्लस चालते. आयईएल्टीएस दिल्यास पहिल्या तीन कौशल्यांत ७.० आणि लेखनात ६.५ लागतो. वॉर्डात काम केलेल्या परिचारिकेला जागतिक तापमानवाढीवर निबंध लिहिण्यापेक्षा डिस्चार्जचे पत्र लिहिणे सोपे जाते, म्हणून तिने ओईटीचा विचार आधी करावा, असे माझे मत आहे.

जर्मनीत पदव्युत्तर शिक्षण इंग्रजीतून देणारे अभ्यासक्रम पुष्कळ आहेत, परंतु तिथे नोकरी करायची असेल, विशेषतः रुग्णालयात, तर जर्मन भाषेला पर्याय नाही. सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यात राहूनच परदेशी ग्राहकांशी व्यवहार करायचा असेल, तर कोणत्याही परीक्षेची गरज नाही. तिथे ईमेल, अहवाल आणि फोनवरचे बोलणे सुधारावे लागते, आणि त्यासाठी आयईएल्टीएसच्या क्लासला पैसे भरणे वाया जाते.

स्वतःची पातळी स्वतः मोजावी

एका रविवारी सकाळी, फोन बाजूला ठेवून, शब्दकोशाशिवाय, ४० मिनिटांत २५० शब्दांचा एक मजकूर लिहावा. विषय साधा घ्यावा: आपल्या गावात किंवा प्रभागात गेल्या दहा वर्षांत काय बदलले आणि तो बदल चांगला की वाईट. त्यानंतर त्याच विषयावर दोन मिनिटे थांबे न घेता बोलून फोनमध्ये ध्वनिमुद्रण करावे. दोन्हींवर तारीख टाकून ते जपून ठेवावे आणि दुरुस्त करू नये. ऑनलाइन मिळणाऱ्या बहुपर्यायी चाचण्या पर्याय ओळखण्याची क्षमता मोजतात, आणि ती आपल्या शिक्षणपद्धतीमुळे बहुतेकांची चांगलीच असते. वाक्य स्वतः घडवण्याची क्षमता त्यांतून कळत नाही. युरोपातील ए१ ते सी२ या सहा पायऱ्यांच्या मापनात अशा चाचण्या बी२ दाखवतात आणि लिहिलेला मजकूर बी१ ला अडकलेला असतो, असा अनुभव वारंवार येतो. दोहोंपैकी खालची पायरी खरी मानावी.

हा मजकूर इंग्रजी जाणणाऱ्या व्यक्तीकडून तपासून घ्यावा. ती व्यक्ती जुन्या शाळेतील शिक्षक असली तरी चालते, महाविद्यालयातील प्राध्यापक असली तर उत्तम. संगणकीय दुरुस्तीची साधने चूक दुरुस्त करतात, मात्र तीच चूक आपण वारंवार का करतो हे आपण विचारल्याशिवाय सांगत नाहीत. म्हणून त्यांच्याकडून नुसता सुधारलेला मजकूर न मागता प्रत्येक चुकीचे कारण मागावे.

व्याकरण: मराठीतून येणाऱ्या चुका

व्याकरणाचे जाडजूड पुस्तक पहिल्या पानापासून सोडवत बसण्याची सवय मोडावी. पहिली पाने नाम आणि सर्वनामात जातात, उत्साह काळांपाशी संपतो, आणि ज्या ठिकाणी मराठी माणूस खरोखर चुकतो तिथे पुस्तक पोहोचतच नाही. त्यापेक्षा आपल्या २५० शब्दांच्या मजकुरातील चुका गटांत लावाव्यात. त्या बहुधा पुढील काही गटांत बसतील.

पहिला आणि सर्वांत चिवट गट ‘अ’, ‘ॲन’ आणि ‘द’ यांचा. मराठीत ‘कारखान्यात काम करतो’ एवढे म्हटले की पुरते. कारखाना ऐकणाऱ्याला माहीत आहे की नाही, हे वाक्याला सांगावे लागत नाही. इंग्रजीत प्रत्येक नामापाशी हा निर्णय घ्यावाच लागतो. ‘आय वर्क इन फॅक्टरी’ हे म्हणून अपुरे आहे. पहिल्या उल्लेखात ‘अ फॅक्टरी’ आणि तोच कारखाना पुन्हा आला की ‘द फॅक्टरी’, हा मूळ नियम. यासाठी एक कंटाळवाणा पण गुणकारी उपाय आहे: लिहून झाल्यावर मजकुरातील प्रत्येक नामाखाली रेघ ओढावी आणि तीन प्रश्न विचारावेत. हे मोजता येते का? एक आहे की अनेक? वाचणाऱ्याला नेमके कोणते ते कळलेले आहे का? ‘अ’ आणि ‘ॲन’ यांची निवड अक्षरावर अवलंबून नसून उच्चारावर असते, म्हणून ‘अ युनिव्हर्सिटी’ पण ‘ॲन अवर’, ‘अ बीएससी’ पण ‘ॲन एमएससी’. शेवटचे उदाहरण लक्षात ठेवण्याजोगे आहे, कारण प्रवेशाच्या अर्जातील पहिल्याच वाक्यात ते येते. नद्यांना ‘द’ लागतो, शहरांना लागत नाही: ‘द गोदावरी’ नाशिकमधून वाहते, पण नाशिक नुसतेच ‘नाशिक’ राहते.

दुसरा गट ‘आहे’ या शब्दाने जन्माला घातलेला आहे. ‘मला दोन भाऊ आहेत’, ‘मला माहीत आहे’, ‘माझ्याकडे अनुभव आहे’ अशी आपली वाक्ये ‘आहे’वर टेकतात आणि इंग्रजीत तो ‘आहे’ बहुधा ‘ॲम’ होऊन डोकावतो. त्यातून ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ आणि ‘आय ॲम नोइंग जावा’ अशी वाक्ये तयार होतात. मालकी, ज्ञान, इच्छा, आवड, समज अशी स्थिती सांगणारी क्रियापदे इंग्रजीत सहसा चालू काळात जात नाहीत: ‘आय हॅव’, ‘आय नो’, ‘आय अंडरस्टँड’. ‘वी आर हॅविंग लंच’ मात्र बरोबर आहे, कारण तिथे ‘हॅव’ म्हणजे जेवण्याची क्रिया आहे.

‘होतो’ आणि ‘पासून’ हे या गटाचे सख्खे भाऊ. ‘मी गेल्या आठवड्यात पुण्याला गेलो होतो’ हे मराठी वाक्य निर्दोष आहे, परंतु त्यावरून आलेले ‘आय हॅड गॉन टू पुणे लास्ट वीक’ हे इंग्रजी वाक्य ऐकणाऱ्याला अर्धवट वाटते. पुढे आणखी काय घडले याची तो वाट पाहत राहतो. भूतकाळातील दोन घटनांपैकी आधीची घटना दाखवायची असेल तेव्हाच ‘हॅड गॉन’ वापरावे, एरवी ‘वेंट’ पुरेसे आहे. त्याचप्रमाणे ‘मी काल अर्ज भरला आहे’ यावरून ‘आय हॅव सबमिटेड द फॉर्म यस्टरडे’ लिहिले जाते. ‘यस्टरडे’, ‘लास्ट मंथ’, ‘इन २०२२’ असा निश्चित काळ आला की ‘हॅव’ गळून पडतो. आणि ‘मी दोन वर्षांपासून इथे काम करतो’ या वाक्यात दोन सापळे एकदम आहेत. मराठी क्रियापद वर्तमानकाळी आहे, इंग्रजीत मात्र ‘हॅव बीन वर्किंग’ हवे. आणि ‘पासून’ला दोन प्रतिशब्द आहेत, कालावधीसाठी ‘फॉर’ आणि आरंभबिंदूसाठी ‘सिन्स’. ‘फॉर टू इयर्स’, पण ‘सिन्स २०२२’. नोकरीच्या मुलाखतीत उमेदवाराच्या तोंडून निघणारे पहिले लांब वाक्य नेमके हेच असते, त्यामुळे ते पाठ करून ठेवले तरी हरकत नाही.

शाळेत शिकलेले प्रयोग येथे उपयोगी पडतात. ‘तिने अर्ज भरला’, ‘तिने माहिती भरली’ या वाक्यांत भरणारी तीच आहे, पण क्रियापद कर्माच्या मागे जाते. हा आपला कर्मणी प्रयोग. इंग्रजीत क्रियापद कर्त्याला सोडून कुठेही जात नाही. लांब वाक्यात मात्र आपले क्रियापद जवळच्या नामाकडे ओढले जाते आणि ‘द लिस्ट ऑफ डॉक्युमेंट्स आर अटॅच्ड’ असे लिहिले जाते. यादी एक आहे, म्हणून ‘इज’. ‘वन ऑफ माय फ्रेंड्स इज’ या रचनेत तर दोन्हीकडे लक्ष ठेवावे लागते: मित्र अनेकवचनी, क्रियापद एकवचनी.

विभक्ती प्रत्ययांचे शब्दशः भाषांतर हा पुढचा गट. ‘माझ्यावर रागावला’ म्हणून ‘अँग्री ऑन मी’, ‘तिच्याशी लग्न’ म्हणून ‘मॅरीड विथ हर’, ‘विषयाबद्दल चर्चा’ म्हणून ‘डिस्कस अबाउट’, ‘नाशिकला पोहोचलो’ म्हणून ‘रीच्ड टू नाशिक’. योग्य रूपे अनुक्रमे ‘अँग्री विथ मी’, ‘मॅरीड टू हर’, आणि शेवटच्या दोन क्रियापदांना मध्ये कोणताही शब्द लागतच नाही. यासाठी नियम शोधू नयेत, कारण ते फारसे नाहीत. नवे क्रियापद वहीत उतरवताना त्याच्या पुढे येणाऱ्या शब्दासह, संपूर्ण वाक्यात उतरवावे.

उरलेल्या चुका लवकर सुटतात. ‘इन्फर्मेशन’, ‘ॲडव्हाइस’, ‘इक्विपमेंट’, ‘रिसर्च’ ही नामे इंग्रजीत सहसा अनेकवचनी होत नाहीत. प्रश्नात सहसा साहाय्यक क्रियापद कर्त्याआधी येते, म्हणून ‘वेअर डू यू लिव्ह’. पण तोच प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला की क्रम पुन्हा सरळ होतो, म्हणून ‘कॅन यू टेल मी वेअर द ऑफिस इज’.

चुकांची वही

शंभर पानी वही घ्यावी. डाव्या पानावर आपले चुकीचे वाक्य जसेच्या तसे, उजव्या पानावर दुरुस्त वाक्य, आणि त्याखाली त्याच धाटणीची आपली दोन नवी वाक्ये. नियम लिहिण्याची गरज नाही. आठवड्यातून एकदा डावे पान झाकून उजवे, आणि उजवे झाकून डावे, असे वाचावे. नवा मजकूर रोज १०० ते १५० शब्दांचा पुरे, मात्र तो लिहिताना मनात मराठी वाक्य तयार करून त्याचे भाषांतर करण्याचा मोह टाळावा. त्यासाठी सुरुवातीला वाक्ये आखूड ठेवावीत. आपल्या मराठीची ऐसपैस, ‘जे… ते’ आणि ‘ज्याने… त्याने’ अशी जोडवाक्ये इंग्रजीत नेली की कर्ता एका टोकाला आणि क्रियापद दुसऱ्या टोकाला जाते. एका वाक्यात एक कर्ता, एक क्रियापद असे महिनाभर लिहिले की मग वाक्ये आपोआप लांबवता येतात.

विषय आपल्या कामाचे घ्यावेत. द्राक्षबागायतदाराच्या मुलाने छाटणीपासून कंटेनर भरेपर्यंतची प्रक्रिया क्रमाने लिहावी. आयईएल्टीएसच्या लेखनातील पहिल्या प्रश्नात अशाच एखाद्या प्रक्रियेची आकृती वर्णन करायला येऊ शकते, आणि तिथे ‘द ग्रेप्स आर हार्वेस्टेड, ग्रेडेड अँड पॅक्ड’ अशी कर्मणी रचना लागते. यंत्रशाळेत काम करणाऱ्याने पाळी बदलताना द्यायचा अहवाल इंग्रजीत लिहावा. ओळखीच्या विषयात विचार शोधावे लागत नाहीत, त्यामुळे सगळे लक्ष भाषेवर राहते.

वाचन, ऐकणे आणि उच्चार

वाचनासाठी सार्वजनिक वाचनालयासारखी जागा नाशिककरांना १८४० पासून उपलब्ध आहे, आणि घरात अभ्यासाला शांतता नसलेल्या विद्यार्थ्याने तिचा किंवा महाविद्यालयाच्या अभ्यासिकेचा उपयोग करावा. रोज एखाद्या इंग्रजी दैनिकातील संपादकीय पानावरचा एकच लेख वाचावा, प्रत्येक परिच्छेदाचे तात्पर्य समासात एका ओळीत लिहावे आणि अडलेले शब्द दुसऱ्या वाचनातच शोधावेत. शब्दकोश इंग्रजी-इंग्रजी आणि विद्यार्थ्यांसाठी तयार केलेला असावा, कारण त्यात शब्द वाक्यात कसा बसतो हे दाखवलेले असते.

ऐकण्यासाठी बीबीसी लर्निंग इंग्लिश आणि ब्रिटिश कौन्सिल यांचे ध्वनिपाठ विनामूल्य आहेत. एकच दोन मिनिटांचा तुकडा घ्यावा, ऐकत ऐकत शब्दन् शब्द उतरवून काढावा आणि मग मूळ मजकुराशी ताडून पाहावा. उपशीर्षके लावून मालिका पाहणे हे मनोरंजन आहे. त्याला अभ्यासाच्या वेळेत धरू नये.

उच्चाराबाबत मराठी माणसाने उगाच न्यूनगंड बाळगू नये. आयईएल्टीएसच्या परीक्षकाला बोलणे सहज समजणे महत्त्वाचे असते, ब्रिटिश किंवा अमेरिकी ढब आणण्याला वेगळे गुण नाहीत, आणि ओढून आणलेली ढब तर समजण्यात अडथळाच आणते. देवनागरीत ॲ आणि ऑ आहेत, ‘व’ आणि ‘व्ह’ असा फरकही आपण लिहिण्यात करतो. तो बोलण्यात उतरवला की ‘वाइन’ आणि ‘व्हाइन’, म्हणजे मद्य आणि वेल, एक होत नाहीत. द्राक्षांच्या जिल्ह्यातील माणसाने हा फरक तरी चुकवू नये. खरी अडचण आघाताची आहे. मराठीत शब्दातील आघात बदलल्याने अर्थ बिघडत नाही, त्यामुळे आपण सर्व अक्षरे सारख्याच वजनाने उच्चारतो. इंग्रजीत ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या अक्षरावर, ‘फोटोग्राफी’त दुसऱ्यावर आणि ‘फोटोग्राफिक’मध्ये तिसऱ्यावर येतो. चांगल्या ऑनलाइन शब्दकोशात हा जोर खुणेने दाखवलेला असतो आणि उच्चार ऐकताही येतो. आपल्या विषयातील वारंवार लागणारे पन्नासेक शब्द अशा रीतीने तपासून घेतले तर मुलाखतीत ऐकणाऱ्याला ‘पुन्हा सांगा’ म्हणावे लागण्याचे प्रसंग बरेच कमी होतात.

बोलण्याचा सराव आरशासमोर करावा, हा सल्ला सर्वत्र दिला जातो; मला तो फारसा उपयोगी वाटत नाही, कारण आरसा प्रश्न विचारत नाही. दोघा-तिघांनी ठरावीक वेळी भेटून एकाने विचारावे, दुसऱ्याने उत्तर द्यावे आणि तिसऱ्याने चुका टिपाव्यात. वर्गमित्रांपुढे संकोच वाटत असेल तर फोनवरून बोलावे.

अर्ज, ईमेल आणि मुलाखत

विद्यापीठाला पाठवायच्या एसओपीत, म्हणजे हा अभ्यासक्रम का शिकायचा आहे हे सांगणाऱ्या निवेदनात, आपल्याकडील विद्यार्थी बालपणापासूनच्या स्वप्नाने सुरुवात करतात आणि एखाद्या थोर व्यक्तीच्या वचनाने शेवट करतात. प्रवेश समितीला त्याऐवजी हे हवे असते की अर्जदाराने कोणता प्रकल्प केला, त्यात कुठे अडले, तो प्रश्न याच अभ्यासक्रमात का सुटेल आणि पुढे काय करायचे आहे. ‘आय ॲम पॅशनेट अबाउट’ असे लिहिण्यापेक्षा केलेल्या कामाचे दोन ओळींत वर्णन करावे. एजंटकडून तयार एसओपी घेऊ नये. तोच मजकूर नावे बदलून अनेकांच्या अर्जात गेलेला असतो आणि साहित्यचौर्य तपासणाऱ्या प्रणालीत तो पकडला जाऊ शकतो.

कार्यालयीन ईमेलमध्ये ‘काइंडली डू द नीडफुल’ आणि ‘रिव्हर्ट बॅक’ हे आपल्याकडचे नित्याचे प्रयोग आहेत. भारतात ते चालतात. नेदरलँड्समधील आयातदाराला किंवा परदेशी प्राध्यापकाला मात्र नेमके काय करायचे ते कळत नाही. ‘नीडफुल’ऐवजी हवी ती गोष्ट स्पष्ट लिहावी: ‘प्लीज सेंड द साइन्ड कॉपी बाय फ्रायडे’. विषयाच्या ओळीत काम आणि संदर्भ क्रमांक असावा, पहिल्या वाक्यात मागणी असावी, पार्श्वभूमी नंतर. मराठी पत्रात आपण क्षेमकुशलापासून हळूहळू मुद्द्याकडे येतो, आणि तो आपला शिष्टाचार आहे. इंग्रजी ईमेलमध्ये तो क्रम उलटा करावा लागतो.

आता परीक्षा

रोजच्या लेखनात वहीतील पहिल्या दोन गटांच्या चुका तुरळक झाल्या की परीक्षेची तारीख घ्यावी. आयईएल्टीएसचे शुल्क १५ हजार रुपयांहून अधिक आहे, त्यामुळे ‘एकदा देऊन पाहू’ हा विचार महाग पडतो. त्याऐवजी वेळ लावून दोन-तीन संपूर्ण सराव परीक्षा घरी द्याव्यात.

परीक्षेत श्रवणाचे ४० प्रश्न असतात आणि ध्वनिफीत एकदाच ऐकवली जाते. शुद्धलेखनाची चूक म्हणजे गुण गेला. वाचनाच्या ६० मिनिटांत तीन उतारे आणि ४० प्रश्न असतात. त्यातील ‘ट्रू’, ‘फॉल्स’ आणि ‘नॉट गिव्हन’ या प्रकारात आपले विद्यार्थी स्वतःच्या सामान्यज्ञानावरून उत्तर देतात. विधान उताऱ्याशी जुळले तर ‘ट्रू’, उताऱ्याच्या विरोधात गेले तर ‘फॉल्स’, आणि उताऱ्यात त्याविषयी काहीच नसेल तर ‘नॉट गिव्हन’, मग ते विधान जगाच्या दृष्टीने कितीही खरे असो.

लेखनात ६० मिनिटांत किमान १५० आणि किमान २५० शब्दांचे दोन मजकूर लिहायचे असतात. दुसऱ्याला पहिल्याच्या दुप्पट महत्त्व आहे, म्हणून त्याला ४० मिनिटे राखून ठेवावीत. क्लासमध्ये मिळणारे पाठ परिच्छेद, ज्यांत केवळ विषयाचे नाव बदलायचे असते, ते परीक्षकाला ओळखू येतात आणि त्यांचे गुण धरले जात नाहीत. संगणकावर परीक्षा देणाऱ्याने टंकलेखनाचा सराव वेगळा करावा. एका बोटाने कळ शोधणाऱ्याचा वेळ भाषेआधीच संपतो. संभाषण ११ ते १४ मिनिटांचे असते. मधल्या भागात एक मिनिट विचाराला मिळते आणि दोन मिनिटांपर्यंत बोलायचे असते. त्या एका मिनिटात वाक्ये न लिहिता चार शब्द लिहावेत.

एकूण बँड चार कौशल्यांची सरासरी असते आणि ती जवळच्या अर्ध्या बँडकडे नेली जाते. श्रवण ७, वाचन ६.५, लेखन ५.५ आणि संभाषण ६ आले तर सरासरी ६.२५ होते आणि निकाल ६.५ लागतो. घरी पेढे वाटले जातात, आणि मग कळते की विद्यापीठाने प्रत्येक कौशल्यात किमान ६ मागितला होता. म्हणून अटीतील ‘एकूण’ आणि ‘प्रत्येकी’ हे दोन्ही आकडे कागदावर लिहून भिंतीला लावावेत. एकाच कौशल्यात कमी पडल्यास संगणकावरील परीक्षेनंतर ६० दिवसांच्या आत तेवढ्याच भागाची फेरपरीक्षा देण्याची सोय आहे, पण सर्व विद्यापीठे ती मान्य करत नाहीत. आधी विचारून घ्यावे.

पीटीई ही संपूर्णपणे संगणकावर होणारी परीक्षा १० ते ९० या मापात गुण देते आणि संभाषणातही समोर माणूस नसतो, माइक असतो. माणसासमोर बुजणाऱ्यांना ती सोयीची वाटते. मात्र शेजारच्या टेबलांवर इतर उमेदवार त्याच वेळी मोठ्याने बोलत असतात, त्याची सवय हवी. टोफेलचे स्वरूप आणि गुणांचे माप जानेवारी २०२६ पासून बदलले आहे, त्यामुळे जुन्या सराव पुस्तकांवर विसंबू नये.

क्लास लावायचाच असेल तर जाहिरातीतील बँड न पाहता एकच प्रश्न विचारावा: आठवड्याला माझे किती निबंध, कोण आणि कशा प्रकारे तपासणार? तपासलेल्या निबंधाचा नमुना दाखवायला सांगावा. ज्या वहीत केवळ ‘गुड’ आणि सही आहे, तिथे शुल्क भरू नये.

नोंदणीसाठी पासपोर्ट लागतो आणि परीक्षेच्या दिवशी मूळ पासपोर्टच न्यावा लागतो. महाराष्ट्रात दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे आणि वडिलांचे नाव असा क्रम असतो. पासपोर्टवर आडनाव आणि उरलेले नाव असे दोन वेगळे रकाने असतात. नोंदणीच्या अर्जात नाव पासपोर्टप्रमाणेच, तेच स्पेलिंग आणि तोच क्रम ठेवून भरावे, आणि गुणपत्रिकेत व पासपोर्टमध्ये फरक असेल तर तो परीक्षेआधीच दुरुस्त करून घ्यावा, कारण निकालपत्र दोन वर्षे ग्राह्य असते आणि त्या काळात ते ज्या ज्या विद्यापीठाकडे जाईल तिथे हीच दोन नावे शेजारी ठेवून तपासली जातात.